मखराचं माप

अव्वा ओसरीवर पाय पसरून बांबू चिरत बसली होती. कोयत्याची धार बांबूच्या तोंडावर ठेवायची, दगडानं एक ठोका द्यायचा आणि मग ती चीर हातानंच खाली खाली नेत जायची. कामटी सरळ निघते. नीलांबिका शाळेतून आली, चप्पल काढली आणि पिशवी खुंटीला लावायच्या आत अव्वानं कामटीचं एक टोक तिच्यापुढं केलं.

"धर. आणि तोंड असं करू नको. मखर कुणाचं आहे ते तुला ठाऊक, मला ठाऊक. त्या पोरीला तेवढं ठाऊक नाही."

नीलांबिकेनं टोक धरलं. पोरगी ती शिकवत असलेल्याच वर्गातली होती. शिवन्या कोळेकर, सहावी ब, खिडकीजवळचा बाक.

गाव सीमेवरचं. निम्मं बोलणं मराठी, निम्मं कानडी, त्यामुळं आईला घरात आणि अख्ख्या गल्लीत अव्वाच म्हणत. मुलीला पहिलं न्हाण आलं की तिला न्हाऊ घालून, नवं लुगडं नेसवून फुलांच्या मखरात बसवायची, बायकांना बोलावून तिची ओटी भरायची ही चाल या भागात अजून टिकून होती. मखर करावं ते बिराजदारांच्या अव्वानं. ती आधी त्या मुलीच्या घरी जायची, तिला पाटावर मांडी घालून बसवायची आणि सुतळीनं तिचं माप घ्यायची. टाळूपासून वर एक वीत मोकळी सोडायची, दोन्ही खांद्यांना ऐसपैस जागा ठेवायची. मोठं मखर अव्वाला चालायचं नाही. त्यात पोर हरवलेली दिसते, असं ती म्हणायची.

"तुझ्या यंत्राचं मात्र भलं होवो," अव्वा म्हणाली. "पूर्वी लोक ऐनवेळी पळत यायचे. केळीचे खांब मिळायचे नाहीत, फुलं मिळायची नाहीत. आता तारीख घेऊन येतात, लग्नाची घ्यावी तशी."

"ते माझं यंत्र नाही, अव्वा."

"पोरींच्या हाताला बांधतं कोण? मी?"

नीलांबिका हसली.

यंत्राचं नाव होतं 'चाहूल'. दिसायला मनगटावरचा साधा रबरी पट्टा. पाचवीत गेलेल्या प्रत्येक मुलामुलीला सरकारी शाळांमधून तो मिळत असे. मूल वयात येण्याच्या आधी कितीतरी महिने त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी झोपेत कामाला लागते. ती रक्तात संप्रेरकं सोडते, आणि तीही सलग नाही, थांबून थांबून, दारावर कुणी थाप मारावी तशी. सुरुवातीला या थापा हलक्या आणि तुरळक असतात, मग जवळजवळ येऊ लागतात. त्यांच्यामागोमाग घामातले काही घटक बदलतात, पहाटेचं अंगाचं तापमान किंचित सरकतं. पट्टा हे सगळं टिपत राही. हजारो मुलींच्या अशा नोंदींवरून शिकलेला संगणक मग सांगू शके, की या मुलीची पहिली पाळी आता आठ-दहा दिवसांवर आली आहे. मुलांच्या बाबतीतही अंदाज निघत असे, जरा ढोबळ. पण मुलासाठी अजून कुणी अव्वाकडं मखर मागायला आलं नव्हतं.

मूळ विचार चांगला होता. नीलांबिका विज्ञानाची शिक्षिका. चाहूलबरोबरचा पाठ लिहिणाऱ्या शिक्षकांत तीही होती. पूर्वी एकाच दिवशी सगळ्या मुलींना हॉलमध्ये बसवून घाईघाईनं काहीतरी सांगितलं जाई. काहींचं त्याआधीच सोसून झालेलं असे, काहींना ते कशाबद्दल चाललंय तेच कळत नसे. मुलांना तर मैदानावर पिटाळत. आता प्रत्येक मुलाला त्याच्या वेळेला, एकेकट्याला, शांतपणे सांगता येणार होतं.

मग आरडाओरडा झाला. मोर्चे निघाले. आमच्या पोरीच्या अंगातलं सरकारला आधी का कळावं, असा प्रश्न लोकांनी विचारला, आणि नीलांबिकेला तो प्रश्न मनातून खोटा वाटला नव्हता. शेवटी तडजोडीचा नियम झाला: आधी पालकांना. चाहूलचा निरोप आई-वडिलांच्या फोनवर जायचा. त्यांनी दोनांतलं एक निवडायचं, 'शाळेनं सांगावं' किंवा 'आम्ही घरीच सांगू'. दुसरं निवडलं, की शिक्षिकेच्या पडद्यावर मुलीच्या नावापुढं पिवळा ठिपका यायचा. पिवळा ठिपका आला की त्या विषयावर तिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. बोलल्यास नोकरीवर गदा.

सहावी ब मध्ये बहुतेक ठिपके पिवळेच होते. आणि घरी कुणी काही सांगत नव्हतं. हॉल ठरत होते, केटरर ठरत होते. गेल्याच महिन्यात एका मुलीनं शाळेतून परत येताना चौकात स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स पाहिला होता. शुभेच्छुकांत तिचे मामा होते, नगरसेवक होते. कशाच्या शुभेच्छा, ते तिनं मैत्रिणीला विचारलं.

"तू तिला माप घेताना काय सांगितलंस?" नीलांबिकेनं विचारलं.

"अजून घेतलं कुठं? परवा जाणार. सांगायचं काय त्यात? फंक्शन आहे म्हणायचं." अव्वानं नवी कामटी ओढली. "आम्हाला कुणी सांगितलं होतं? आमचं अडलं काय?"

नीलांबिकेनं तिचंही टोक धरलं. थोड्या वेळानं अव्वाच म्हणाली, "तुझं मखर आठवतं का गं? माझं पहिलंच ते. एका बाजूला कललं होतं."

"आठवतं," नीलांबिका म्हणाली आणि वह्या तपासायच्या आहेत म्हणून आत गेली.

रात्री ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी झाली. चटणीत लसूण जास्त पडलाय अशी अव्वानं तक्रार केली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जराशी पडते म्हणून आडवी झाली ती उठलीच नाही. शेजारच्या बाईंनी शाळेत फोन केला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. झोपेतच गेल्या, काही कळलंही नसेल, असंही म्हणाले. नीलांबिकेनं मान हलवली. लोकांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर ती त्या दिवशी मान हलवत होती.

त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात. बांबूचं विमान करतात, ते फुलांनी मढवतात आणि त्यात बसलेल्या माणसाला भजन म्हणत रुद्रभूमीकडं, पुरायच्या जागेकडं, घेऊन जातात. गल्लीतले बाप्ये बांबू शोधू लागले, तर ओसरीवर कामट्या चिरून, तासून तयारच होत्या. नीलांबिकेला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं नाही म्हटलं नसतं. शिवन्याच्या मखराचं सगळं सामान अव्वाच्या विमानाला लागलं.

मग झेंडूच्या माळांमध्ये बसलेली अव्वा तिनं पाहिली. मान जरा कलली होती, ती कुणीतरी हलकेच सरळ केली. आणि तीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिच्यापुढं जसंच्या तसं येऊन उभं राहिलं.

ती बाराची होती. त्याच वर्षी अज्जा, तिचे आजोबा, गेले होते. त्यांना तिनं असंच पाहिलं होतं, न्हाऊन, नवं धोतर नेसून, फुलांत बसलेले. त्यांच्या घरात विटाळ मानत नसत. याचा अव्वाला अभिमान होता. इतरांसारख्या आमच्या बायका कोपऱ्यात बसत नाहीत, असं ती ताठ मानेनं सांगायची. बाजूला बसायचं, कुणाला शिवायचं नाही असं काही नव्हतं, त्यामुळं घरातल्या पोरीला अंदाज यावा अशी खूणही कुठं नव्हती. एका सकाळी तिला रक्त दिसलं. ती अव्वाला सांगायला गेली तर अव्वाचे डोळे भरून आले. तिनं तिला जवळ घेतलं, काही बोलली नाही. मग न्हाऊ घातलं. नवं लुगडं नेसवलं. बांबू आणले, फुलं आणली, आणि तिला मांडी घालून त्यात बसवलं. बायका आल्या, गाणी झाली. पोर तोंडात घास धरून बसून राहिली. आता उचलतील, तिला वाटत होतं. अज्जांना उचललं तसं आता आपल्याला उचलून नेतील.

कुणी नेलं नाही. चार दिवसांनी शाळेत पाठवलं तेव्हा तिला कळलं, की आपण आहोत. पुढं नववीच्या पुस्तकात पाळीचा धडा आला. बाईंनी तो घरी वाचून या म्हणून सांगितलं, आणि तिनं तो इतक्यांदा वाचला की पाठ झाला. पण अव्वाला तिनं कधी काही सांगितलं नाही. ते कललेलं मखर अव्वानं एवढ्या हौसेनं केलं होतं, आणि त्यानंतर गावातल्या किती पोरींची केली होती. काय म्हणून सांगायचं?

तिसऱ्या दिवसाचं कार्य आटोपल्यावर प्रणिता कोळेकर भेटायला आली. शिवन्याची आई. नवऱ्याचं बोअरवेलच्या सामानाचं दुकान होतं, आणि घरात पैशापेक्षा पाव्हणे जास्त. ती सतरंजीच्या कडेला बसली, अव्वांच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. उठायची वेळ झाली तरी उठेना. शेवटी खाली बघत म्हणाली, की विचारू नये, पण दुसरं कुणी मखर करणारं नाही, हॉल ठरलाय, आणि चाहूलचा अंदाज आता जवळ आलाय.

"तुम्ही 'घरीच सांगू' म्हणून कळवलंय," नीलांबिका म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कोरडा आला.

"हो."

"सांगितलंत?"

प्रणितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. खोटं कळवलं नव्हतं, म्हणाली. सांगायचंच होतं. ती स्वतः आश्रमशाळेत वाढली. तिचं न्हाण आलं तेव्हा वॉर्डनबाईंनी एक जुनं कापड हातात दिलं आणि चादर धुऊन टाक म्हणाल्या. ना मखर, ना कुणी पाठीवर हात ठेवला. आपल्या पोरीचं सगळं आपल्या हातानं करायचं, सांगायचंही आपणच, असं तिनं तेव्हापासून ठरवलं होतं. "आधी मशीनला कळलं, मग सरकारला. निदान पोरीला तरी माझ्याकडून कळू दे की, मॅडम. शाळेनं सांगितलं तर मी तिची कोण?" रोज दुपारी शिवन्या आली की ती ताट वाढून समोर बसायची. तोंड उघडायची आणि अभ्यास झाला का विचारायची. प्रणिताला स्वतःच्या आईनं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं तिच्याकडं सुरुवातीचा शब्दच नव्हता.

नीलांबिका तिच्याकडं बघत राहिली. या बाईला आडमुठी ठरवणं तिला इतके दिवस किती सोपं गेलं होतं.

"उद्या येते मी मापाला," ती म्हणाली.

मुख्याध्यापक कुंभार सरांना तिनं आपणहून फोन करून कळवलं. ते भले गृहस्थ, निवृत्तीला आलेले. अव्वांचं फार वाईट झालं म्हणाले, मग जरा थांबून म्हणाले, "मखर जरूर करा, बिराजदार मॅडम. पण तोंड बंद ठेवून करा. वरच्या तालुक्यात एक बाई एकच वाक्य बोलल्या म्हणून त्यांच्यामागं चौकशी लागलीय."

कोळेकरांच्या माजघरात पाट मांडलेला होता. शिवन्या गणवेशातच होती, दोन वेण्या, गुडघ्यावर शाईचा डाग. आपल्या वर्गाच्या बाईंना सुतळीचं रीळ घेऊन आलेलं पाहून ती आधी हसली.

"मॅडम, तुम्ही टेलरिंग पण करता?"

"आता करावं लागतंय. बस, मांडी घाल."

ती बसली. नीलांबिकेनं सुतळीचं टोक पाटाशी धरलं आणि वर नेलं. टाळू, वर एक वीत. वीत तिनं दोनदा मोजली. हे काम अव्वा न बघता करायची. मग खांदे. सुतळी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्याकडं नेताना तिला जाणवलं, की पोर ताठ झाली आहे. हसू गेलं होतं. ती समोरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या लुगड्याकडं आणि फुलवाल्यानं नमुन्याला दिलेल्या माळेकडं बघत होती.

"मम्मी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे कशाचं माप आहे?"

"फंक्शन आहे गं तुझं. गंमत आहे."

"मग तू रडतेस का सारखी? आजी पण रडली काल." तिनं मनगटावरचा पट्टा दुसऱ्या हातानं धरला. "यातून काही आलंय का? मला काही झालंय?"

नीलांबिकेच्या हातात सुतळी होती आणि तोंडात तो सगळा पाठ होता, स्वतः लिहिलेला, एकेक वाक्य तोलून मापून केलेला. दोन मिनिटांत तिनं या पोरीची भीती घालवली असती. नोकरी गेली असती तर गेली असती. तेवढ्या क्षणापुरतं तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पण प्रणिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते नीलांबिकेनं पूर्वी पाहिलं होतं. भरून आलेले डोळे, आणि एक शब्द नाही.

ती उठली, पाटाच्या शेजारची जागा मोकळी केली.

"प्रणिता, तू बस इथं," ती म्हणाली. वयानं लहान म्हणून आपसूक अगं-तुगं आलं. "तिनं तुला विचारलंय."

"मला जमत नाही, मॅडम."

"अडलं तर मी शब्द देईन. बोलायचं तू."

प्रणिता बसली. लेकीचा हात हातात घेतला, सोडला, परत घेतला. तुला काही झालेलं नाही, इथून तिनं सुरुवात केली, आणि ते तीनदा म्हणाली. मग म्हणाली, की आता थोड्या दिवसांत तुला रक्त दिसेल, आणि ते दिसलं की घाबरायचं नाही, कारण ते जखमेचं नसतं. कुठून, असं शिवन्यानं विचारलं. प्रणितानं वर पाहिलं.

"गर्भाशय," नीलांबिका म्हणाली.

"गर्भाशयातून. म्हणजे पोटात, इथं खाली, एक पिशवी असते. तू माझ्या तिथंच होतीस." आणि हे बोलून प्रणिता स्वतःच थबकली, जणू तिलाही ते आत्ताच कळलं होतं. मग तिची गाडी चालू लागली. ती पिशवी दर महिन्याला आतून अस्तर करते, मूल नसलं की ते अस्तर गळून येतं. पोटात दुखेल, माझं फार दुखायचं, तुझं दुखलं तर मला सांग. मध्येच एकदा ती चुकली, आणि नीलांबिकेनं एका शब्दानं सावरून घेतलं. एकदा शिवन्यानं असं काही विचारलं की दोघी बायका एकमेकींकडं बघून हसल्या, आणि त्याचंही उत्तर प्रणितानं दिलं, लाल होऊन, पण दिलं.

"मुलांना पण येतं?"

"त्यांचं वेगळं असतं. ते पप्पा सांगतील तुझ्या भावाला," प्रणिता म्हणाली आणि नंतर पुटपुटली, "सांगतील म्हणजे, मी सांगायला लावीन."

शिवन्या विचार करत बसली. खांदे सैल पडले होते. फंक्शन करायचंच का, असं तिनं विचारलं. तुला नको असेल तर नाही, हॉलवाल्याला मी बघते, असं प्रणिता म्हणाली. फुलं चालतील, पोरीनं ठरवलं, पण वर्गातल्या मुलांना बोलवायचं नाही आणि चौकात फोटो लावायचा नाही. आईनं मान्य केलं. नवऱ्याशी यावरून वाजणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि ती त्याला तयार आहे हेही दिसत होतं.

नीलांबिका सुतळी गुंडाळू लागली. माप अर्धंच राहिलं होतं.

"मॅडम," शिवन्या पाटावरूनच म्हणाली, "तुम्हाला अव्वांनी सांगितलं होतं?"

हो म्हणणं सोपं होतं. अव्वाला जाऊन थोडेच दिवस झाले होते, गल्ली अजून तिचं नाव हळू आवाजात घेत होती, आणि या घरातही तिच्याबद्दल प्रेमच होतं. प्रणितानं लेकीला गप्प करायला हात उचलला. नीलांबिकेनं तिला थांबवलं.

"नाही," ती म्हणाली. "मला कुणी काही सांगितलं नाही. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मला न्हाऊ घातलं आणि फुलांत बसवलं. आमच्या अज्जांना बसवलं होतं तसं. मला वाटलं, मी मेलेय."

शिवन्या तिच्याकडं बघत होती. नीलांबिकेला मात्र ती दिसत नव्हती.

"चार दिवस मी वाट बघत होते, की तुम्ही मला कधी नेणार. तुला विचारायचं होतं. पण तू एवढी आनंदात होतीस." तिचा आवाज चढला नाही, फक्त प्रत्येक शब्द वेगळा आला. "अव्वा, मी फार घाबरले होते गं."